जाडजूड वही

भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये या आठवड्यात गेलो होतो. मालकाच्या टेबलावर दोन वह्या होत्या: एकीत गेलेला माल, दुसरीत न आलेले पैसे. दुसरीच जाडजूड! २००६चा कायदा सांगतो, सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल माल स्वीकारल्यापासून फार तर ४५ दिवसांत चुकवा, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्या. पण व्याज मागितलं की पुढची ऑर्डर जाईल, या धास्तीनं हे गृहस्थ गप्प राहतात. त्यांचं एक जुनं गिऱ्हाईक मात्र पैसे लांबणार असतील तर आधीच फोन करतं. त्याच्या कामासाठी इथला लेथ रविवारीही फिरतो. दिवाळीच्या मिठाईच्या डब्यापेक्षा तो एक फोन मोठा. हिशेब खात्यातल्या वाचकांनो, टेबलावर अडकलेलं एक तरी बिल उद्या सोडाच.