पाती मिळतात, मापे मिळत नाहीत

अग्निबाणाच्या इंजिनाची चाचणी यशस्वी झाली की विज्ञानवार्तेला मथळा मिळतो आणि आपण सारे ती आनंदाने पुढे पाठवतो, मीही पाठवतो. त्या इंजिनातला टर्बोपंप आणि मालट्रकच्या डिझेल इंजिनावरचा टर्बोचार्जर ही चुलत भावंडे आहेत. दोन्हींत गरम वायू एक चक्र फिरवतो आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकावरचे चक्र प्रवाही पदार्थ रेटते. एका भावाचे कौतुक विज्ञान म्हणून होते. दुसऱ्याची दुरुस्ती मात्र ‘जुगाड’ ठरते. माझा आक्षेप या शब्दावर आहे, आणि त्या शब्दाआड जे लपवले जाते त्यावर अधिक आहे.

समजा, नागपूरहून संत्री घेऊन निघालेल्या ट्रकचा टर्बो कोलकात्यात शिरता शिरता शिट्टी घालू लागला आणि सायलेन्सरमधून निळा धूर येऊ लागला. कंपनीचा मूळ टर्बो कधीच निकामी झालेला. आता बसवलेला आहे तो बाजारातला, दुसऱ्याच उत्पादकाचा, आणि त्याच्या पाटीवरचा क्रमांक पुसट झालेला. अधिकृत सेवाकेंद्र हात झटकते: हा आमचा नव्हे, नवा घ्या. मग चालक जातो मल्लिक बाजारात, पार्क स्ट्रीट आणि आचार्य जगदीशचंद्र बोस रस्ता जिथे मिळतात तिथे. (ज्या शास्त्रज्ञाने आपली नाजूक उपकरणे इथल्याच कारागिरांकडून घडवून घेतली, त्याच्या नावाच्या रस्त्यावर जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार असावा, हा योगायोग मला फार आवडतो.)

तिथे टर्बाइनचे चक्र मिळते, कंप्रेसरचे मिळते, बुश, थ्रस्ट बेअरिंग, सीलच्या रिंगा, सारे मिळते. पण कोणते चक्र या कवचात बसेल? पुसट पाटी ते सांगत नाही. म्हणून कारागीर व्हर्नियर काढतो. चक्राच्या तोंडाचा व्यास, बाहेरचा व्यास, पात्यांची संख्या आणि उंची तो मोजतो. पहिल्या व्यासाला दुसऱ्याने भागून वर्ग केला आणि शंभरने गुणले की जो आकडा येतो त्याला अभियंते ‘ट्रिम’ म्हणतात. कारागीर तो शब्द कदाचित वापरणार नाही, पण जुळवणी त्याच गुणोत्तरांनी करतो. हे मापनशास्त्र आहे.

यापुढची मापे मात्र व्हर्नियरने हाती लागत नाहीत. दांडा आणि बुश यांच्यात तेलाचा जो पातळ थर दांडा तोलून धरतो, त्याची मूळ मोकळीक मिलिमीटरच्या काही शतांशांची असते. ती नेमकी किती? दांडा मागेपुढे किती सरकलेला चालतो? जोडणीनंतर असंतुलन किती राहिलेले चालते? ही उत्तरे निर्मात्यापाशी असतात आणि बहुधा तिथेच राहतात.

या शेवटच्या प्रश्नाचे वजन विद्यार्थ्यांनी स्वतः काढून पाहावे. असंतुलन फक्त एक ग्रॅम-मिलिमीटर, वेग मिनिटाला १ लाख फेरे. कोनीय वेग सेकंदाला सुमारे १०,४७२ रेडियन. त्याचा वर्ग करून दहा लाखाने भागा: बल ११० न्यूटन. म्हणजे सुमारे ११ किलोचे वजन, त्या कोवळ्या तेलथरावर, फेऱ्यागणिक दिशा बदलत. त्याच वेगाला ६० मिलिमीटर व्यासाच्या चक्राची कड सेकंदाला ३१४ मीटर धावते, ध्वनीच्या वेगाच्या अगदी जवळ. अशा यंत्राचे माप ज्याला नाकारले जाते त्यालाच आपण अडाणी म्हणतो!

कंपन्यांचा युक्तिवाद ठरलेला असतो: सुरक्षितता. तो पोकळ नाही. सील फुटून तेल इंजिनात ओढले गेले तर डिझेल इंजिन त्या तेलावरच बेफाम धावते आणि चावी काढूनही थांबत नाही. बनावट भागही बाजारात आहेत. पण धोका जर खरा असेल तर मापे उघड करण्याचे ते सर्वात मोठे कारण आहे. ट्रक दुरुस्त तर होणारच आहे; प्रश्न इतकाच की तो मापाने होणार की अंदाजाने.

स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना एकूण २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला तो याच वृत्तीसाठी: सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने स्वतंत्र गॅरेजांपासून अडवून ठेवल्याबद्दल. प्रकरण अपिलांत गेले. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या चार क्षेत्रांत वाहनेही होती. पण दुरुस्तीसुलभतेच्या निर्देशांकाचा अहवाल मे २०२५ मध्ये आला तो मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा. ट्रकला थांबायला सांगितलेले दिसते.

युरोपने हे वेगळे केले. अवजड वाहनांच्या ‘युरो ६’ मानकांच्या २००९ च्या नियमाने धुराच्या मर्यादांसोबतच दुरुस्तीची माहिती खुली करण्याचे बंधनही घातले. दोन्ही गोष्टी त्याच्या मूळ शीर्षकातच होत्या. त्या मानकांच्या धर्तीवर आपण एप्रिल २०२० पासून ‘भारत स्टेज ६’ लागू केले. धुराच्या मर्यादांवर रकानेच्या रकाने लिहिले गेले. दुसऱ्या अर्ध्या भागाची चर्चा मी तरी आपल्या विज्ञानवार्तांत वाचलेली नाही.

हावड्याच्या बेलिलियस रस्त्यावर लेथ आहेत. त्याच हावड्यात शिबपूरला १८५६ साली सुरू झालेली अभियांत्रिकी संस्था आहे. तिथल्या, किंवा पुण्यातल्या, विद्यार्थ्यांनी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी पन्नास निकामी टर्बो भंगाराच्या भावाने घ्यावेत, मोजावेत आणि तक्ता सर्वांसाठी खुला करावा. चक्रांचे व्यास त्यातून नक्की मिळतील. बुशची मोकळीक मिळणार नाही, कारण झिजलेला भाग झिजलेलेच माप देतो. मूळ माप रेखाचित्रात आहे, आणि ते रेखाचित्र मागण्याचा नियम ट्रकसाठी अजून लिहायचा आहे.