पूल खाडीवर होईल, पण उतरणार कुठे?

भिवंडीकरांना पुलाचे महत्त्व समजावून सांगायची गरज नाही. कशेळीच्या पुलावर ज्याची अर्धी संध्याकाळ गेलेली नाही, असा माणूस आपल्या मोहल्ल्यात शोधूनही सापडणार नाही. ठाणे आपल्यापासून 15 किलोमीटरच्या आसपास. गणिताच्या पुस्तकात अंतर आणि वेग दिला की वेळ काढता येतो. आमच्या वर्गातली मुले मात्र हसतात, कारण त्यांच्या अब्बांना ठाण्याला जायला कधी 40 मिनिटे लागतात, कधी अडीच तास.

आता एमएमआरडीएने ठाणे आणि भिवंडी यांच्या मधल्या खाडीवर तीन नवे पूल आखले आहेत: कोलशेत ते काल्हेर, कासारवडवली ते खारबाव आणि गायमुख ते पायेगाव. यातला कुठला आधी व्हावा, कुठला कुठून जावा, यावर चहाच्या टपरीपासून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपर्यंत चर्चा चालू आहे. कुणी म्हणतो, कोलशेतचा आधी करा, तोच जवळ पडतो. कुणी म्हणतो, पूल कुठलाही होऊ द्या, होतोय हेच खूप. हा दुसरा विचार आम्हाला धोक्याचा वाटतो.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणू. उल्हास नदी बोरघाटाच्या डोंगरांतून निघते आणि कल्याणला दुर्गाडीच्या खालून पुढे येते. तिथून भरती-ओहोटीचे पाणी आत येते म्हणून आपण तिला खाडी म्हणतो. डोंबिवली, मुंब्रा, कळवा एका काठाला आणि भिवंडी तालुका दुसऱ्या काठाला. ठाण्यापाशी तिचे एक अंग ठाण्याच्या खाडीला जाऊन मिळते, तर मोठा प्रवाह घोडबंदरच्या कडेने वसईकडे वळतो. म्हणजे भिवंडीच्या पूर्वेला, दक्षिणेला, नैर्ऋत्येला पाणीच पाणी. नाशिकचा रस्ता सोडला तर ठाणे, मुंबई, कल्याण, डोंबिवली, कुठेही जायचे तर पूल लागतो. आजवर आपले भागले ते कल्याणचा दुर्गाडी, जुन्या आग्रा रोडवरचा कशेळी आणि मुंबई-नाशिक महामार्गावरचा खारेगाव-साकेत यांवर.

या यादीत अलीकडे मोठागाव-माणकोली पुलाची भर पडली. 2024 च्या मे महिन्यात तो हलक्या वाहनांसाठी सुरू झाला. डोंबिवलीहून कल्याण किंवा शिळफाट्याला वळसा घालून ठाण्याला जाणाऱ्यांचा त्रास एका रात्रीत कमी झाला, हे मान्य करायलाच हवे. पण पूल संपतो तिथे काय आहे? डोंबिवलीच्या बाजूला मोठागावचे अरुंद रस्ते आणि दिवा-वसई लाइनचे फाटक. गाडी आली की फाटक बंद, फाटक बंद की रांग थेट पुलाच्या तोंडाशी. इकडे माणकोलीला पूल उतरतो तो महामार्गाच्या नाक्यावर, जिथे गोदामांचे कंटेनर आधीच उभे असतात. मधला रुंद पूल रिकामा आणि दोन्ही टोकांना कोंडी, असे दृश्य आम्ही स्वतः कितीदा तरी पाहिले आहे. पूल सुरू व्हायला कित्येक वर्षे लागली. त्या वर्षांत फाटकावरचा उड्डाणपूल आणि जोडरस्ते उभे राहू शकले असते. ते राहून गेले, कारण सगळे लक्ष पाण्यावरच्या भागाकडे होते.

म्हणून नवा पूल कुठे, हा प्रश्न आम्ही जरा उलट्या बाजूने विचारतो. पाणी कुठे अरुंद आहे आणि खर्च कुठे कमी येतो, ते इंजिनिअर पाहतीलच. पूल ज्या रस्त्यावर उतरतो त्या रस्त्याला तो झेपणार आहे का, हे आपण पाहायला हवे.

कोलशेत-काल्हेर घ्या. तिघांत हा सर्वात आखूड, शहराला सर्वात जवळ. पण काल्हेरला उतरल्यावर गाडी येते कुठे? जुन्या आग्रा रोडवरच. कशेळी, काल्हेर, कोपर, पूर्णा, राहनाळ, अंजूरफाटा, हाच तो रस्ता, ज्याच्या दोन्ही बाजूंना गोदामे आहेत आणि ज्याच्या मधोमध मेट्रो 5 चे खांब उभे राहिले. आज कशेळी पुलावर जी रांग लागते तिचे मूळ पुष्कळदा पुलावर नसतेच. अंजूरफाट्याला सिग्नल अडकतो, पूर्ण्याला कंटेनर आडवा होतो आणि शेपूट कशेळीपर्यंत येते. अशा रस्त्यात आणखी एक पूल रिकामा केला तर रांगेत घुसायला दुसरे दार मिळेल, इतकेच. हा पूल नको असे आमचे म्हणणे नाही. तो मोटार, बस, रुग्णवाहिका यांच्यासाठी ठेवावा आणि अवजड वाहनांना तिथे मनाई असावी. पलीकडे कोलशेतला राहणाऱ्या ठाणेकरांनाही आपल्या इमारतींखालून ट्रक नको असणार. इथे दोन्ही काठांचे हित एकच आहे, ते कुणी एकत्र मांडत नाही एवढेच.

अवजड वाहनांचा खरा मसला सुटू शकतो तो गायमुख-पायेगावला. कारण समजून घ्या. जेएनपीटीहून गुजरातला जाणारा कंटेनर मुंब्रा बायपास, खारेगाव, माजिवडा करत घोडबंदर रोडने जातो. गायमुख घाटात रस्त्याचे काम निघाले की वाहतूक पोलीस हीच वाहने माणकोली, अंजूरफाटा, चिंचोटीमार्गे वळवतात. म्हणजे ठाण्याचा रस्ता दुरुस्त होत असतो तेव्हा भिवंडीच ठाण्याचा पूल होते. वर समृद्धी महामार्ग आहे. 701 किलोमीटरचा हा रस्ता जून 2025 मध्ये पूर्ण खुला झाला आणि त्याचे टोक आपल्याच तालुक्यात, आमणे येथे आहे. नागपूरहून सुसाट आलेली गाडी आमणे-वडपे सोडले की आपल्या रांगेत येऊन उभी राहते. माजिवडा ते वडपे रुंदीकरणाने काही फरक पडेल, पण तो महामार्गापुरता.

पायेगावचा पूल झाला तर घोडबंदर आणि भिवंडीच्या पश्चिमेची गोदामे यांच्यात शहराला न शिवता ये-जा होऊ शकते. मात्र तिथेही उतरण्याचा प्रश्न आहेच. पायेगाव-खारबावच्या बाजूला जो रस्ता आहे तो चिंचोटी-कामण-अंजूरफाटा. त्या रस्त्याची पावसाळ्यातली हालत आम्ही काय वर्णावी! जे रोज दुचाकीवरून वसईच्या बाजूला कामाला जातात त्यांच्या कमरेला विचारा. या रस्त्याचे रुंदीकरण आणि काँक्रीटीकरण पुलाआधी झाले नाही, तर मोठागावचाच किस्सा पुन्हा होणार, फक्त तिथे फाटकाच्या जागी खड्डे असतील.

काही व्यापारी मंडळींचा आक्षेप आम्हाला ठाऊक आहे. ते म्हणतात, ट्रक शहराबाहेरून गेले तर धंदा बाहेर जाईल. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. भिवंडीचे पोट यंत्रमाग, गोदाम आणि वाहतूक यांवर चालते. आमच्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील ड्रायव्हर, हमाल, माग कामगार आहेत. पण शहराशी ज्याचे काही घेणे-देणे नाही असा गुजरातचा कंटेनर अंजूरफाट्याला दोन तास उभा राहिला तर इथल्या कुणाचा धंदा होतो? फार तर वडापाववाल्याचा. उलट कारखान्यातून निघालेला कपड्याचा टेम्पो त्याच्यामागे अडकतो. ज्याला भिवंडीत माल घ्यायचा किंवा द्यायचा आहे तो पूल कुठेही असला तरी येणारच.

आणि जिवाचा प्रश्न धंद्याच्या आधी येतो. शहरात इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय आहे, पण प्रकरण गंभीर झाले की रुग्णाला कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात किंवा थेट मुंबईला हलवावे लागते. रस्ता तोच, कशेळी नाहीतर साकेत. सायरन वाजतो, लोक बाजूला व्हायला तयारही असतात, पण बाजूला व्हायला जागाच नसते. 2011 च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या 7,09,665 होती, आणि ती जुनी गोष्ट झाली. एवढ्या माणसांना मोठ्या रुग्णालयाचा रस्ता कंटेनरच्या मागून जातो. रमजानमध्ये ठाण्याहून परतणारा नोकरदार खजुराची पुडी खिशातच ठेवतो, रोजा कशेळीवरच सोडावा लागणार हे त्याला माहीत असते. ते निभावून जाते. रुग्णवाहिकेचे तसे नाही.

आता जागेची गोष्ट, कारण पूल पाण्यावर असला तरी त्याचे पाय जमिनीवर येतात. खाडीच्या दोन्ही काठांना तिवरे आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये तिवरांना संरक्षण दिले, तेव्हापासून सार्वजनिक कामासाठीही ती तोडायची तर न्यायालयाची परवानगी लागते. काठावरच्या गावांतल्या कोळी-आगरी कुटुंबांची मासेमारी त्याच पाण्यावर आहे. पर्यावरणवाले कामात खोडा घालतात, असे आपल्याकडे सहज बोलले जाते. पण तिवरे गेली की भरतीचे पाणी पहिल्यांदा खालच्या वस्तीतच शिरते, आणि खालच्या वस्तीत कोण राहतो हे आपल्याला माहीत आहे.

जोडरस्त्यांत घर, दुकान, गाळा जाण्याची भीती आहे, तिथे एक गोष्ट लक्षात ठेवा. 2013 च्या भूसंपादन कायद्यानुसार बाधित कुटुंब म्हणजे केवळ जमीनमालक नाही. संपादनाच्या आधी तीन वर्षे तिथे भाडेकरू म्हणून राहणारे किंवा काम करणारे आणि ज्यांची मुख्य रोजीरोटी त्यावर आहे, अशी कुटुंबेही त्यात येतात. प्राथमिक अधिसूचना निघाल्यावर हरकतीसाठी 60 दिवस मिळतात. आपल्याकडे बहुतेक गाळे तोंडी करारावर चालतात. भाडे रोखीने, पावती नाही, वीजबिल मालकाच्या नावावर. मग मोजणीला माणूस येतो तेव्हा मालक सापडतो आणि भाडेकरू कागदावर नसतोच. पावती मागायला आजपासून सुरुवात करा. भाडे ऑनलाइन द्या, नोंद आपोआप राहील. मशीद किंवा कब्रस्तानच्या जागेचे कागदही विश्वस्तांनी आत्ताच काढून पाहावेत. आखणी रस्त्यावर उतरल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही.

आखणी बदलते का? बदलते. मेट्रो 5 धामणकर नाक्यापुढे शहरातून उन्नत मार्गाने जाणार होती. घरे-दुकाने मोठ्या संख्येने जाणार हे दिसल्यावर लोकांनी आवाज उठवला आणि तो टप्पा भुयारी करण्याचा निर्णय झाला. त्या वेळी यंत्रमागवाला, दुकानदार आणि रहिवासी एका बाजूने बोलले म्हणून ऐकले गेले.

पुलांच्या बाबतीत अजून तसे झालेले नाही. घोडबंदरच्या गृहसंकुलांच्या संघटना पत्रे पाठवतात, बैठका घेतात, आणि त्यात गैर काही नाही, तो त्यांचा हक्क आहे. आपल्या बाजूने मात्र निवेदन जाते ते निवडणुकीच्या तोंडावर, त्यात सरसकट ‘पूल लवकर करा’ एवढेच असते. निवेदनात असायला हवे ते असे: पायेगावचा पूल आधी आणि त्याच्याही आधी चिंचोटी-अंजूरफाटा रस्ता, काल्हेरच्या पुलावर अवजड वाहनांना बंदी, आणि प्रत्येक पुलावरून पहिल्या दिवसापासून ठाण्याला बस. पूल मोटारवाल्यांसाठी होतो आणि शेअर रिक्षात चौथ्या सीटवर अर्धा बाहेर बसलेला माणूस जुन्याच रस्त्याने फिरत राहतो, हे माणकोलीला आपण पाहिले आहे. खारबावला तर रेल्वे स्टेशनही आहे. कासारवडवलीचा पूल तिथे उतरणार असेल तर स्टेशनपासून रस्ता किती लांब, हेही आजच विचारून घ्यावे. वसई-दिवा लाइनवर गाड्या कमी आहेत खऱ्या, पण स्टेशनच्या दारातून बस सुटायला लागली तर गाड्या वाढवा म्हणायलाही जोर येईल.