रणगाड्याचे हृदय किती काळ उसने?

२८ जुलै २०१८. चेन्नईजवळच्या आवडी येथील इंजिन कारखान्यात तत्कालीन संरक्षणमंत्री निर्मला सीतारामन यांनी रणगाड्यांची दोन इंजिने लष्कराच्या स्वाधीन केली. एक टी-७२ साठीचे, ७८० अश्वशक्तीचे. दुसरे टी-९० साठीचे, १००० अश्वशक्तीचे. दोन्ही संपूर्ण देशी बनावटीची असल्याचे जाहीर झाले.

७ मार्च २०२५. संरक्षण मंत्रालयाने रशियाच्या रोसोबोरोनएक्सपोर्ट या कंपनीशी २४.८ कोटी डॉलरचा करार केला. कशासाठी? टी-७२ रणगाड्यांना १००० अश्वशक्तीची इंजिने बसवण्यासाठी. काही इंजिने तयार येणार, काही सुट्या भागांच्या रूपात. आणि जुळणीचे व पुढे परवान्याखाली उत्पादनाचे तंत्रज्ञान मिळणार तेही आवडीच्याच अवजड वाहन कारखान्याला.

१००० अश्वशक्तीचे 'संपूर्ण देशी' इंजिन ज्या गावात तयार होते, त्याच गावासाठी १००० अश्वशक्तीच्या इंजिनाचे तंत्रज्ञान पुन्हा विकत घ्यावे लागते, हे कसे? दोन रणगाड्यांची इंजिनकक्षे वेगळी असतात, एकाचे इंजिन दुसऱ्यात सहज बसत नाही, हे उत्तर खरे आहे. पण तेच या प्रकरणाचे मर्मही आहे. ज्याच्याकडे आराखड्याचे ज्ञान असते, तो इंजिनाला नवा साज चढवू शकतो. ज्याच्याकडे केवळ रेखाचित्रांची प्रत असते, त्याला प्रत्येक बदलासाठी मूळ मालकाचे दार ठोठवावे लागते. २०१८ मध्ये देशी झाली होती ती बनावट. रचना परकीयच होती.

ही सवय आजची नाही. भारतीय रणगाड्यांची नावे पाहावीत: विजयंता, अजेय, भीष्म, अर्जुन, जोरावर. आता त्यांची इंजिने पाहावीत. विजयंताचे ब्रिटिश लेलँड, अजेय म्हणजे टी-७२ चे सोव्हिएत, भीष्म म्हणजे टी-९० चे रशियन, अर्जुनाचे जर्मन एमटीयू, जोरावरचे अमेरिकी कमिन्स. साठ वर्षे, पाच नावे, चार देशांची इंजिने. नामकरणात राष्ट्र स्वावलंबी झाले. धातुशास्त्रात, इंधन-अंतःक्षेपणात आणि गिअरबॉक्समध्ये मात्र ते व्हायचे राहिले.

इंजिनाचा एवढा आग्रह कशासाठी, असे विचारणाऱ्यांनी लडाखकडे पाहावे. २०२० मध्ये टी-७२ आणि टी-९० रणगाडे पूर्व लडाखच्या पठारावर तैनात झाले. समुद्रसपाटीपासून ४,५०० मीटरवर हवेची घनता उरते ती समुद्रसपाटीच्या सुमारे ६३ टक्के. डिझेल इंजिन इंधनावर चालते तितकेच हवेवरही चालते. प्राणवायू कमी मिळाला की ज्वलन अपुरे होते, धूर वाढतो, शक्ती घटते. त्यात उणे तीस अंशांखालची थंडी. वंगण घट्ट होते, बॅटरी मलूल पडते, आणि इंजिन गोठू नये म्हणून ते रात्रीतून पुनःपुन्हा चालू ठेवावे लागते. म्हणजे ज्या क्षणी शक्तीची सर्वाधिक गरज, त्याच क्षणी ती आटते.

साडेएकेचाळीस टनांच्या टी-७२ ला ७८० अश्वशक्तीचे इंजिन दर टनामागे जेमतेम १९ अश्वशक्ती देते, तीही मैदानावर. पलीकडे चीनचा टाइप-१५ हा सुमारे ३३ टनांचा रणगाडा १००० अश्वशक्तीचे इंजिन घेऊन उभा आहे. दर टनामागे ३०. टी-७२ ला नवे इंजिन मिळाले की हा आकडा २४ पर्यंत जाईल. सुधारणा निश्चितच मोठी आहे आणि सैनिकाला ती मिळायलाच हवी. आक्षेप इंजिन घेण्याला नाही. पुढच्या वेळीही ते घ्यावेच लागेल अशी व्यवस्था कायम ठेवण्याला आहे.

'आधुनिकीकरण' हा शब्दही एकदा तपासून घ्यायला हवा. जुन्या रणगाड्यात थर्मल दृश्ययंत्र बसवता येते, रेडिओ बदलता येतो, स्फोटक-प्रतिरोधी चिलखताच्या विटा लावता येतात. पायदळाच्या बीएमपी-२ वाहनांसाठीही २०२४ मध्ये ६९३ वाहनांच्या शस्त्रप्रणाली सुधारण्याचा करार झाला. रात्री पाहण्याची क्षमता आणि लक्ष्याचा आपोआप माग काढणारी यंत्रणा त्यातून मिळेल. हे सारे आवश्यकच. पण टी-७२ चा दारूगोळा बुरुजाखालच्या फिरत्या चकतीत, थेट सैनिकांच्या पायाखाली रचलेला असतो. चिलखत भेदले गेले की तोच पेट घेतो आणि बुरूज उडतो. युक्रेनच्या रणांगणावरून आलेल्या चित्रांनी हे जगाला दाखवले. हा दोष मूळ रचनेतला आहे. कोणतेही नवे दृश्ययंत्र तो दूर करीत नाही. सुमारे २,४०० टी-७२ रणगाड्यांपैकी किती जणांवर किती खर्च करायचा आणि कुठे थांबायचे, हे ठरवल्याशिवाय केलेले आधुनिकीकरण म्हणजे जुन्या वाड्याला नवा रंग. तुळई तीच राहते.

यावर तीन युक्तिवाद नेहमी पुढे येतात.

पहिला: ड्रोनच्या युगात रणगाडाच कालबाह्य झाला, मग इंजिनाची चिंता कशाला? नागोर्नो-काराबाखने २०२० मध्ये आणि युक्रेनने त्यानंतर रणगाड्यांची हानी दाखवली, हे निर्विवाद आहे. पण त्याच युक्रेनने सातत्याने मित्रदेशांकडे रणगाडेच मागितले, हेही तितकेच निर्विवाद आहे. ड्रोनने रणगाडा संपवला नाही. त्याच्यावर संवेदक, जॅमर आणि सक्रिय संरक्षण यंत्रणांचा नवा भार टाकला. हा भार वाहायला आणि त्यांना वीज पुरवायला अधिक समर्थ इंजिनच लागते.

दुसरा: युद्ध थांबत नाही, म्हणून मिळेल ते विकत घ्यावे. तातडीच्या खरेदीसाठी हा युक्तिवाद योग्य आहे. धोरण म्हणून तो विषासमान आहे. अर्जुनचेच पाहावे. १९७४ मध्ये मंजूर झालेल्या या प्रकल्पात १,४०० अश्वशक्तीचे जर्मन इंजिन घेतले गेले. सप्टेंबर २०२१ मध्ये ११८ सुधारित अर्जुन रणगाड्यांची ७,५२३ कोटी रुपयांची मागणी नोंदवली गेली, आणि तिचे वेळापत्रक त्या जुन्या जर्मन इंजिनाच्या उपलब्धतेशी जखडले गेले. जोरावरसाठीही आधी जर्मन इंजिन योजले होते. परवानगी लांबली म्हणून अमेरिकी घ्यावे लागले. 'मिळेल ते घ्यावे' म्हणणाऱ्यांना एक दिवस 'मिळेल तेव्हा घ्यावे' असे म्हणावे लागते.

तिसरा: देशी संशोधन संस्थांना हे जमणार नाही, अर्जुन हा त्याचा पुरावा. प्रत्यक्षात पुरावा उलट दिशेने बोट दाखवतो. अर्जुनची १२० मिलिमीटरची तोफ पुण्याच्या एआरडीईने घडवली. जिथे पिढ्यान्‌पिढ्या काम चालू राहिले तिथे विद्या रुजली. जिथे दर वेळी आयातीने पाटी कोरी केली तिथे ती रुजली नाही.

याबाबत दक्षिण कोरियाचे उदाहरण बोलके आहे. के-२ रणगाड्याच्या पहिल्या तुकडीत जर्मन इंजिन आणि जर्मन गिअरबॉक्स होता. दुसऱ्या तुकडीत १,५०० अश्वशक्तीचे कोरियन इंजिन आले. कोरियन गिअरबॉक्स मात्र दीर्घ चाचण्यांत नापास झाला, तेव्हा तेवढा जर्मन ठेवला गेला. अपयश लपवले गेले नाही आणि अपयशामुळे इंजिन रद्दही झाले नाही. अर्धे यश रणांगणात उतरवून उरलेल्या अर्ध्याचा पाठपुरावा करायचा, विद्या अशीच हस्तगत होते.

भारताच्या हातीही अशी संधी आहे. २० मार्च २०२४ रोजी म्हैसूरच्या बीईएमएल कारखान्यात १,५०० अश्वशक्तीच्या देशी इंजिनाची पहिली चाचणी झाली. ५,००० मीटरपेक्षा अधिक उंचीवर आणि उणे ४० ते अधिक ५५ अंश तापमानात चालावे, असे त्याचे उद्दिष्ट आहे. चाचणीमंचावर इंजिन सुरू होणे म्हणजे केवळ पहिला श्वास. यापुढे हजारो तासांच्या थकवाचाचण्या आहेत, फुटणारे दट्टे आहेत, वितळणाऱ्या झडपा आहेत. याच टप्प्यावर भारतीय प्रकल्प निधीअभावी, मागणीअभावी किंवा नव्या आयात प्रस्तावाच्या सावलीत कोमेजतात.

सप्टेंबर २०२४ मध्ये संरक्षण खरेदी परिषदेने भावी रणगाड्याच्या प्रस्तावाला तत्त्वतः मंजुरी दिली. टी-७२ ची जागा घेणारा हा रणगाडा पुढची तीस-चाळीस वर्षे सैन्यात राहील. म्हणून आज तीन गोष्टींचा आग्रह धरायला हवा. देशी इंजिनाला निश्चित संख्येची मागणी आगाऊ मिळावी, म्हणजे उद्योग त्यात पैसा गुंतवतील. भावी रणगाड्याच्या करारात देशी इंजिन व गिअरबॉक्स बसवण्याचा टप्पा वर्षासह लिहिलेला असावा. आणि तंत्रज्ञान हस्तांतरणाच्या प्रत्येक करारात आराखडा बदलण्याचा अधिकार मिळाला की नाही, हे संसदेसमोर स्पष्ट मांडले जावे. किती टक्के सुटे भाग देशी, हा हिशेब फसवा आहे. कोणता बदल कोणाला न विचारता करता येतो, हाच खरा हिशेब.

१ नोव्हेंबर १९४८ रोजी जनरल थिमय्यांनी झोजी ला खिंडीत स्टुअर्ट रणगाडे चढवून शत्रूला चकित केले. ते रणगाडे उसने होते, कारण देश नुकताच जन्मला होता. पाऊण शतकानंतर ती सबब उरलेली नाही.