चित्रकलेचा तास कापू देऊ नका

परीक्षा जवळ आली की वेळापत्रकातला कोणता तास आधी कापला जातो, हे आपल्या मुलांना विचारा. चित्रकलेचा! त्या तासाला गणित घेतात. आपणही मुख्याध्यापकांना कधी जाब विचारत नाही. "चित्रे काढून पोट भरणार आहे काय?" असे घरात आपणच म्हणतो. पोटाचा प्रश्न खोटा नाही. पण मुलाला पोटाबरोबर मनही असते. त्या मनात घरातले भांडण साठते, बापाच्या गेलेल्या नोकरीची भीती साठते. सात-आठ वर्षांच्या मुलाजवळ हे सांगायला शब्द नसतात. हातात खडू दिला तर ते कागदावर उतरू शकते.

याचा एक दाखला आम्ही देतो. फ्रीडल डिकर-ब्रँडाइस या चित्रकार बाई १८९८ साली व्हिएन्नात जन्मल्या. जर्मनीतील बाउहाउस या नामांकित कलाशाळेत शिकल्या. त्या ज्यू होत्या. डिसेंबर १९४२ मध्ये नाझींनी त्यांना पतीसह टेरेझिनच्या छावणीत कोंडले. हे गाव आजच्या चेक प्रजासत्ताकात आहे. तेथे आईबापांपासून वेगळी ठेवलेली मुले होती. भूक, रोगराई, आणि पुढच्या गाडीत कोणाला चढवतील याची धास्ती. रीतसर शाळेला बंदी होती.

बाईंनी या मुलांचे चित्रकलेचे वर्ग घेतले. कागद कोठला? कचेरीतले वापरलेले फॉर्म, पाठकोरे कागद, रंगीत कपटे. मुलांनी आपले घर काढले, जेवणाचे टेबल, फुले, फुलपाखरे काढली. छावणीतले बाकडेही काढले. चित्र सुबकच हवे असा बाईंचा हट्ट नव्हता. मात्र चित्रावर स्वतःचे नाव लिहायला त्या सांगत. जेथे माणसाचा नंबर झाला होता, तेथे चित्राखाली मुलाचे नाव होते!

ऑक्टोबर १९४४ मध्ये बाईंना ऑशविट्झला नेऊन ठार मारण्यात आले. चित्रे काढणारी बहुतेक मुलेही मारली गेली. दोन सुटकेसमधली सुमारे साडेचार हजार चित्रे मात्र वाचली. ती प्राग येथील ज्यू संग्रहालयाने जपली आहेत. चित्रांनी मुलांचे प्राण वाचले नाहीत. पण त्या तासापुरते त्यांचे बालपण त्यांना परत मिळाले.

बाईंच्या शिष्या एडिथ क्रेमर १९३८ साली अमेरिकेत गेल्या. १९५० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातील विल्टविक शाळेत त्यांनी गरीब घरांतल्या, बहुतांशी कृष्णवर्णीय मुलांना चित्रकला शिकवली. त्यावर १९५८ साली पुस्तक लिहिले. चित्रांद्वारे मनाला आधार देण्याच्या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव घेतात.

आपल्याकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सर्व विषय कलेच्या जोडीने शिकवावेत असे म्हटले आहे. पण धोरण वर्गात आपोआप येत नाही. त्यासाठी पालकांनी बोलले पाहिजे. पालक-शिक्षक संघाच्या सभेत विचारा : चित्रकलेचा तास आठवड्यातून किती वेळा होतो? भूगोलाच्या तासाला मुले आपल्या वस्तीचे चित्र काढतात का?

घरी तर परवानगीही लागत नाही. कचेरीत, छापखान्यात पाठकोऱ्या कागदांचे गठ्ठे रद्दीत जातात. रीतसर विचारून ते आणा. खडूची पेटी घ्या. मुलाने काढलेला घोडा कुत्र्यासारखा दिसला तरी हसू नका, खोडरबर हाती घेऊ नका. "यात काय चाललंय, सांग ना," एवढेच विचारा आणि ऐका. चित्रावरून स्वतःच निदान करू नका. काळा रंग वापरला म्हणजे मूल दुःखीच असते असे नाही. पण मूल गप्प राहू लागले, झोप-जेवण तुटले, तर शिक्षकांशी आणि डॉक्टरांशी बोला.

मूल चित्रकार होईल की नाही, हा प्रश्न पुढचा. आज त्याच्या मनातले कोणीतरी पाहिले पाहिजे. ते चित्र भिंतीवर लावा, आणि खाली त्याचे नाव त्यालाच लिहू द्या.