कार्ताहेनात महिना नव्हे, प्रहर पाहा

परदेशवारी ठरली की आपल्याकडे पहिला प्रश्न निघतो तो ‘कोणत्या महिन्यात जायचं?’ हा. युरोपच्या बाबतीत तो रास्तच आहे. पण कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरच्या कार्ताहेनाला निघालेल्यांनी त्यावर फार डोकेफोड करू नये, असं माझं ठाम मत आहे. हे शहर विषुववृत्तापासून साडेदहा अंशांहूनही थोडं कमीच उत्तरेला आहे. वर्षातल्या सर्वांत सौम्य आणि सर्वांत तापट महिन्यांच्या सरासरी तापमानात दोनेक अंशांचा फरक पडतो. बाकी पारा बाराही महिने २७-२८ च्या आसपास आणि हवा दमट. सूर्य वर्षभर सहाच्या आगेमागे उगवतो आणि सहाच्या आगेमागेच मावळतो. डिसेंबर आणि जुलै यांच्यापेक्षा तिथे सकाळचे सात आणि दुपारचा एक यांच्यात जास्त अंतर आहे. म्हणून आखणी करायची ती प्रहरांची.

सान फेलिपे किल्ल्याचंच पाहा. १७४१ साली ब्लास दे लेसोच्या नेतृत्वाखाली मूठभर स्पॅनिश फौजेने अ‍ॅडमिरल व्हर्ननचं भलंमोठं इंग्रज आरमार परतवलं, त्या लढाईचं हे ठिकाण. सान लासारो टेकडीवर उभा असलेला हा किल्ला म्हणजे तापणाऱ्या दगडाचे उतार, उघडे बुरूज आणि नावापुरती सावली. सकाळी दार उघडताच चढलात तर भुयारं, तोफांच्या जागा, खाली पसरलेलं शहर असं सगळं निवांत पाहून होतं. बाराला चढलात तर पहिल्या उतारावरच पाणी संपतं आणि पुढचा सगळा वेळ आडोसा शोधण्यात जातो. एप्रिलच्या मध्यात आणि ऑगस्टच्या अखेरीस तर माध्यान्हीचा सूर्य अक्षरशः डोक्यावर असतो. बंदराचाही विचार करा. क्रूझची जहाजं दिवसा लागतात आणि तटबंदीच्या आतल्या अरुंद गल्ल्या भर उन्हातच सर्वाधिक भरतात. त्याच गल्ल्या सकाळी सातला स्थानिकांच्या असतात. कोपऱ्यावरच्या गाडीवर मक्याच्या पिठाची चपटी वडी तेलात फुगते, बाई तिला बाजूने चीर देते, आत कच्चं अंडं सोडते, तोंड बंद करते आणि पुन्हा तळते. हा ‘अरेपा दे उएवो’ गरम असतानाच खावा.

यावर हमखास येणारा आक्षेप पैशांचा. एवढं विमानभाडं मोजून गेल्यावर दुपारचे चार तास खोलीत लोळायचं का? आक्षेप समजण्यासारखा आहे, पण दुपार टाळणं म्हणजे ती वाया घालवणं नव्हे. या शहराचा सर्वांत जड इतिहास छपराखालीच आहे. कार्ताहेना हे स्पॅनिश अमेरिकेतलं गुलामांच्या व्यापाराचं मोठं बंदर होतं. आफ्रिकेतून आणलेल्या माणसांसाठी सतराव्या शतकात राबलेल्या पेद्रो क्लावेर या जेझुइटाचा मठ आज पाहता येतो. त्याच्या अंगणात झाडं आहेत, ओवऱ्यांत वारा आहे. तिथून थोड्याच अंतरावर इन्क्विझिशनचा वाडा. हे धर्मन्यायालय इथे १६१० साली आलं. गोव्यातल्या इन्क्विझिशनबद्दल वाचलेल्या मराठी माणसाने तर इथे तास-दीड तास काढायलाच हवा, कारण तशाच यंत्रणेचं दुसऱ्या महासागरावरचं रूप समोर दिसतं. घामाघूम होऊन या दालनांतून भराभरा निघून जाणं मला त्या इतिहासावरचा अन्याय वाटतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: पावसाचं काय? डिसेंबर ते मार्च-एप्रिल कोरडे, व्यापारी वाऱ्यांचे. मे महिन्यापासून पाऊस आणि ऑक्टोबरमध्ये त्याचा जोर. म्हणजे महिना अगदीच गौण नाही, हे मान्य. पण मराठी कुटुंबाची सुट्टी दिवाळीत किंवा मे महिन्यात, आणि दोन्ही वेळा पाऊसच. नाताळात जावं तर खोल्यांचे दर चढलेले आणि गर्दी अफाट. मग दिवाळीतल्या माणसाने जाऊच नये का? जावं. तिथला वर्षभराचा पाऊस साधारण १००० मिलिमीटर, म्हणजे रत्नागिरीच्या एक तृतीयांशाच्या आसपास. तो बहुतेकदा सरींनी कोसळतो आणि थांबतो. अपवाद असतात: नोव्हेंबर २०२० मध्ये ‘आयोटा’ चक्रीवादळ दुरून गेलं, तरी शहर पाण्याखाली आलं. बोकाग्रांदे आणि मांगा हे सखल भाग तर भरतीच्या वेळी जोराची सर आली की तुंबतात. पण त्यावरही उपाय आहे तो बाहेरची कामं सकाळी उरकण्याचा आणि एखादा दिवस मोकळा ठेवण्याचा. कोरड्या महिन्यांतही रोसारिओ बेटांच्या बोटी सकाळीच सुटतात आणि दुपारी लवकर परततात, कारण दिवस चढतो तसा वारा वाढतो आणि समुद्र खवळतो.

एका बाबतीत मात्र कॅलेंडरच पाहावं लागतं, ती पीतज्वराची लस. कोलंबियाने एप्रिल २०२५ मध्ये या रोगासाठी आरोग्य आणीबाणी जाहीर केली होती. तिथून परतणाऱ्याकडे लशीचा दाखला नसेल तर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागू शकतं. दाखला लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य धरला जातो आणि ती सरकारमान्य केंद्रांवरच मिळते. तेव्हा तिकिटाबरोबरच हे काम हाती घ्या.

आणि प्रहरांची आखणी मान्य असेल तर मुक्कामाची जागाही त्यावरूनच ठरते. बोकाग्रांदेच्या उंच इमारतींतून समुद्र छान दिसतो, पण जुन्या शहरातून दर दुपारी तिथे परतायचं म्हणजे रोजची टॅक्सी आणि रोजची घासाघीस. मग माणूस परतायचंच टाळतो आणि उन्हात भटकत राहतो. त्यापेक्षा तटबंदीच्या आत किंवा लगतच्या हेत्सेमानीत लहानशी खोली घ्यावी, जिथून बाराला चालत परतता येईल आणि चारला पुन्हा निघता येईल. हेत्सेमानीत त्रिनिदाद चौक रात्री उशिरापर्यंत गजबजलेला असतो, तेव्हा खोली चौकापासून दोन गल्ल्या आत आहे ना, आणि तिथला एसी नीट चालतो ना, हे आरक्षणाआधीच विचारून घ्या.