नोंदणीचे दार किती उघडे असावे? मुंबईच्या भांडवल बाजाराचे तीन धडे

१/ नोव्हेंबर २०२४ मध्ये सेबीने लघु व मध्यम उद्योगांच्या समभाग विक्रीचे नियम कडक करण्याचा प्रस्ताव मांडला. एका बाजूस फसगत होणारा गुंतवणूकदार, दुसऱ्या बाजूस भांडवलाविना कोंडणारा लहान कारखानदार. हा वाद नवा नाही. मुंबईने तो पूर्वीही अनुभवला आहे.

२/ पहिला प्रसंग १८६० च्या दशकातला. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. १८५७ च्या कायद्याने मर्यादित दायित्वाची कंपनी नोंदवणे सोपे केले होते. बँका, वित्तसंस्था, समुद्रभरावाच्या कंपन्या धडाधड निघाल्या.

३/ बॅकबे भराव कंपनीच्या ५,००० रुपयांच्या समभागाचा भाव ५०,००० च्या घरात गेला. प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर बाजार हलू लागला.

४/ त्यात एका नियमबदलाची भर पडली. १८६३ च्या कायद्याने बँक ऑफ बॉम्बेवरील जुने निर्बंध सैल झाले आणि समभाग तारण ठेवून कर्जे देणे सुरू झाले. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस कोसळला. १ जुलै १८६५ रोजी वायदे फेडण्याची वेळ आली, तेव्हा देणारे कोणीच उरले नव्हते. पुढे बँकही बुडाली आणि चौकशी आयोगाने बदललेल्या सनदेवरही बोट ठेवले.

५/ धडा पहिला: नोंदणी होती, परंतु ती नाव लिहिण्यापुरती. पैसा कोठे जातो, हे सामान्य भागधारकास कळत नव्हते.

६/ दुसरा प्रसंग अगदी उलटा. १९४३ मध्ये युद्धकाळाची गरज म्हणून भांडवल उभारणीवर सरकारी नियंत्रण आले. १९४७ मध्ये त्याचा स्वतंत्र कायदा झाला. समभाग काढावेत की नाही, त्यांवर अधिमूल्य किती घ्यावे, हे आता दिल्लीतील नियंत्रक ठरवू लागला.

७/ परिणाम? भाव अनेकदा बाजारापेक्षा कितीतरी कमी ठरत. १९७३ च्या परकीय चलन कायद्यामुळे अनेक विदेशी कंपन्यांना आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणावा लागला, तेव्हा स्वस्त समभाग मिळालेल्या मध्यमवर्गाचे भाग्य उजळले. परंतु उद्योजकाला त्याच्या मालाचे खरे मोल मिळाले नाही. दिल्लीच्या खेटा ज्याला परवडत नाहीत, त्याची वाट आणखी बिकट झाली.

८/ धडा दुसरा: परवाना म्हणजे पारख नव्हे. सरकारी शिक्क्याने धंदा चांगला ठरत नाही.

९/ तिसरा प्रसंग १९९२ चा. नियंत्रकाचे पद गेले, सेबीला वैधानिक अधिकार मिळाले, भाव ठरवण्याची मोकळीक आली. पुढील तीन-चार वर्षांत कंपन्यांची रीघ लागली. त्यांतील कित्येकांनी पैसा गोळा केला आणि पत्ताच बदलला. सरकारदरबारी त्यांना ‘गायब कंपन्या’ असे नावच पडले. १९९६ मध्ये नियम आवळले गेले. तेव्हा होतकरू नव्या कंपन्यांनाही दार बंद झाले.

१०/ धडा तिसरा: दार उघडले, हे चुकले नाही. आत शिरलेल्यावर नजर ठेवणारा कोणी नव्हता, हे चुकले.

११/ आता वर्तमान. डिसेंबर २०२४ मध्ये सेबीने निर्णय घेतला: मागील तीनपैकी दोन वर्षांत किमान १ कोटी रुपयांचा कार्यकारी नफा हवा, प्रवर्तकांसह जुन्या भागधारकांची विक्री एकूण विक्रीच्या २० टक्क्यांहून अधिक नको. दुसरी अट इतिहासाला धरून आहे, कारण पैसा प्रवर्तकाच्या खिशात जातो की कारखान्यात, हाच १८६५ पासूनचा मूळ प्रश्न आहे.

१२/ पहिली अट मात्र दुधारी आहे. नफा दाखवणे आणि नफा कमावणे यांत अंतर असते. लबाडाला आकडे सजवता येतात; यंत्रे नुकतीच बसवलेल्या प्रामाणिक कारखानदाराला ते जमत नाही. चाळणी अशी असावी की तिच्यातून खडे गळावेत, दाणे नव्हेत.

१३/ म्हणून कठोरपणा हवा तो सत्यकथनाबाबत आणि पैसा हाती आल्यानंतरच्या हिशेबाबाबत. प्रत्येक पडझडीनंतर दार बंद करायचे आणि प्रत्येक मंदीनंतर सताड उघडायचे, हा खेळ दीडशे वर्षे चालला आहे. त्याची किंमत दर वेळी लहान गुंतवणूकदार आणि लहान उद्योजक या दोघांनीच मोजली.