कमान: वेशीवर उरलेली आणि हातातून गेलेली

नवी मुंबईत 'कमान' म्हटले की गावठाणाच्या तोंडाशी उभी असलेली स्वागताची कमान डोळ्यांपुढे येते. घड्याळजी त्याच शब्दाने घड्याळाची स्प्रिंग सांगतो आणि जुना गाडीवाला टांग्याखालची पोलादी पट्टी. परंतु फारसीतून मराठीत आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ धनुष्य. कमान म्हणजे धनुष्य, चिल्ला म्हणजे त्याची दोरी, तीर म्हणजे बाण आणि तिरंदाज म्हणजे तो सोडणारा. वस्तू व्यवहारातून गेली, तिचा आकार तेवढा भाषेत मागे राहिला.

हे धनुष्य नेमके कसे होते, हे आज मराठी इतिहासाच्या हौशी वाचकालाही सहसा ठाऊक नसते. चित्रांत, मालिकांत आणि गणेशोत्सवाच्या देखाव्यांत दिसते ते पौराणिक धनुष्य तरी असते किंवा रॉबिन हूडचे लांब इंग्रजी धनुष्य तरी. मध्ययुगीन दख्खनमधील लढाऊ कमान या दोहोंपेक्षा वेगळी होती. तिची टोके तिरंदाजापासून दूर, पुढच्या दिशेला वळलेली असत. आज ऑलिंपिकमध्ये ज्याला 'रिकर्व्ह' म्हणतात, त्या आकाराची ही पूर्वज.

तिची रचना समजून घेतल्याशिवाय पुढचा वाद कळणार नाही. मध्ये लाकडाचा किंवा बांबूचा पातळ गाभा. तिरंदाजाकडच्या बाजूला म्हशीच्या शिंगाची पट्टी, कारण शिंग दाब सोसते. लक्ष्याकडच्या बाजूला जनावराच्या पायाच्या मागील शिरा कुटून काढलेले तंतू, कारण ते ताण सोसतात. हे सारे सांधणारा सरस कातड्यापासून किंवा माशाच्या पोटातील हवेच्या पिशवीपासून बनवलेला. या पिशवीला आपले कोळी 'बोत' म्हणतात, आणि घोळ माशाच्या बोताला आजही सोन्याचा भाव मिळतो. वरून पाणी शिरू नये म्हणून साल किंवा कातडे, त्यावर रंग, वेलबुट्टी आणि रोगण. प्रत्येक थर चिकटवल्यावर तो वाळण्यासाठी महिनोन्महिने थांबावे लागे. चांगली कमान तयार होण्यास एक वर्ष सहज जाई, कित्येकदा त्याहून अधिक.

चिल्ला उतरवला की अशी कमान सरळ होत नाही. ती उलटीकडे, पुढे वळते आणि जवळजवळ इंग्रजी 'सी' अक्षरासारखी होते. काहींची दोन टोके तर एकमेकांना भिडायला येतात. चिल्ला चढवायचा म्हणजे या 'सी'ला सावकाश ऊब देऊन, पायाने दाबून, उलट्या दिशेला वाकवायचे. हे काम कित्येकदा दोघांचे असे. एक बाहू जरा पिळला तर कमान हातातून उसळून उलटते आणि क्षणात निकामी होते.

नेमकी इथेच आजची चूक घडते. उतरलेली कमान हाती आली की ती जशी वळली आहे तशीच धरून तिच्या दोन टोकांना दोरी बांधली जाते. वरवर पाहता धनुष्य तयार झालेले दिसते, पण ते उलटे असते. दाब सोसणारे शिंग बाहेर येते, ताण सोसणारे तंतू आत जातात. कोणी ती दोरी हौसेने ओढली, तर शिंगाची पट्टी कडकन सुटणारच. ही चूक केवळ आपल्याकडची नव्हे. जगातल्या नामवंत संग्रहालयांतही अशी उलटी बांधलेली धनुष्ये वर्षानुवर्षे मांडलेली आढळली आहेत. फरक इतकाच की तिथे ती काचेआड असतात. आपल्याकडे शिवजयंतीच्या शस्त्रप्रदर्शनांत ती टेबलावर ठेवलेली असतात, आणि उत्साही हात आवरणे आयोजकांना अवघड जाते. तलवार म्यानातून काढली म्हणून तिचे फारसे बिघडत नाही. कमानीचे बिघडते, कारण ती जिवंत पदार्थांची बनलेली आहे. दोन-अडीचशे वर्षांत तिचा सरस कोरडा पडलेला असतो, तंतूंना कसर लागलेली असते, शिंगाच्या थरांत डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात. म्हणून पहिले आणि स्पष्ट म्हणणे असे, की शंभर वर्षांपलीकडची शिंगाची कमान कोणीही चढवू नये, ओढू नये, फोटोसाठीसुद्धा नाही. मालक कितीही अभिमानी असो आणि तिरंदाज कितीही तरबेज.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. मराठ्यांच्या इतिहासात धनुष्याचे स्थान ते काय? आपली शस्त्रे तलवार, भाला, पट्टा आणि पुढे बंदूक. मग एका मोगली शस्त्राची एवढी चिंता कशासाठी?

आक्षेपात अर्धे तथ्य आहे. मराठी घोडदळाची ओळख भाल्याची आणि तलवारीचीच होती, ती ओढूनताणून बदलण्याचे कारण नाही. परंतु कृष्णाजी अनंत सभासदाने १६९०च्या दशकात जिंजीस लिहिलेल्या बखरीत महाराजांजवळच्या निवडक मावळ्यांचे वर्णन येते, त्यात बंदुकवाल्यांच्या आणि इटेकऱ्यांच्या जोडीला तिरंदाजही आहेत. समोरचा शत्रू तर कमानीवरच वाढलेला होता. अबुल फझलने 'आईन-इ-अकबरी'त शाही शस्त्रागाराची यादी दिली आहे. तिच्यात कमान, तीर, तरकस तर आहेतच, शिवाय जखमेत रुतलेला बाण उपसून काढण्याचे 'पैकानकश' नावाचे स्वतंत्र हत्यारही आहे. ज्या सैन्याला असे हत्यार यादीत ठेवावे लागते, त्याच्या रणांगणावर बाण किती सुटत असतील! औरंगजेबाच्या कारकिर्दीच्या आरंभी हिंदुस्थानात असलेला फ्रेंच वैद्य बर्निए लिहून गेला की बंदूकवाला दोनदा बार काढीपर्यंत घोडेस्वार सहा बाण सोडतो. हा वेग ध्यानात घेतला नाही, तर मोगली घोडदळासमोर उघड्या मैदानात उभे न राहण्याचा मराठी निर्णय केवळ 'गनिमी कावा' या शब्दाच्या जादूवर सोडून द्यावा लागतो. शत्रूच्या शस्त्राची मारकशक्ती समजली की आपल्या सेनापतींची अक्कल अधिक उठून दिसते. तलवारीपुरता पाहिलेला इतिहास त्या सेनापतींवरच अन्याय करतो.

मग अशी कमान गेली कुठे? बंदुकीने तिला हरवले, हे उत्तर शाळेत पुरते. खरी गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. बंदूक हळू भरली जाई हे खरे, पण बंदूकवाला थोड्या महिन्यांत तयार होई. घोड्यावरून नेम धरणारा तिरंदाज घडायला लहानपणापासूनचा सराव लागे. अंगठ्यात कडे घालून चिल्ला ओढण्याची ती पद्धत होती. शाहजहानचे १६३०-३१चे पांढऱ्या जेडचे असे कडे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. ते दागिना वाटते, पण मुळात हत्याराचा भाग आहे. आपल्या मालिकांतले मोगल सरदार मात्र आजही तीन बोटांनी दोरी ओढतात.

दुसरे कारण हवा. कोरड्या प्रदेशांत जन्मलेल्या या शस्त्राला दमट हवा सोसत नाही. सरस ओल धरतो, थर सुटू लागतात, बाहूंतला जोर जातो. नवी मुंबईच्या पावसाळ्यात चपलांवर बुरशी येते, तिथे चार महिने शिंग, शिरा आणि सरस यांची मोट कशी टिकवायची? बेलापूरच्या किल्ल्याचे जे काही अवशेष आज उरले आहेत, त्या खाडीकाठच्या ठाण्यात शस्त्रे राखणाऱ्याला हा प्रश्न दरवर्षी पडला असणार. १७३०च्या दशकात हा किल्ला मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला तोवर कोकणातले युद्ध तोफा आणि सुरुंगांचे झाले होते. १७३९ साली वसईचा तट पाडला तो सुरुंगांनीच. हिंदुस्थानातल्या कारागिरांनी हवेवर एक तोडही काढली होती, ती म्हणजे पोलादी कमान. आकार तोच, पण अंग लोखंडाचे, वर सोन्याची कोफ्तगरी. काही तर मुठीपाशी पेच फिरवून दोन तुकडे होणाऱ्या. ती ओलीने सुटत नसे, कोठारात वर्षानुवर्षे पडून राही. मात्र जड पोलादी बाहू शिंगाइतक्या चपळाईने बाण फेकत नाहीत, आणि मोडले तर तिरंदाजालाच इजा करतात. ही तडजोड होती, तरी कल्पक तडजोड होती. तिच्यावर मराठीत जवळपास काहीच लिहिले जात नाही, याचे नवल वाटते.

कमान करणारे ते कमानगर. त्यांचे पुढे काय झाले याचे सर्वांत बोलके उत्तर कच्छमध्ये मिळते. धनुष्याची मागणी आटल्यावर तिथले कमानगर भिंतींवर चित्रे काढू लागले, आणि त्या शैलीलाच 'कमानगरी' हे नाव पडले. धनुष्यावर वेलबुट्टी काढणारा हात भिंतीवर वळला, यात आश्चर्य नाही. नाव शाबूत आहे, रंग शाबूत आहेत; मात्र ज्या वस्तूवरून नाव आले ती घडवण्याची विद्या गेली. वाशीच्या धान्यबाजारात कच्छी व्यापाऱ्यांच्या पिढ्या गेल्या, पण या शब्दाचा मूळ अर्थ तिथेही किती जणांना सांगता येईल, कोण जाणे.

इतरांनी ही विद्या सोडली नाही. कोरियाने शिंगाची धनुष्ये घडवणाऱ्या कारागिरीला १९७१मध्ये राष्ट्रीय वारशाचा दर्जा दिला आणि ते कारागीर आजही काम करतात. तुर्कस्तानची पारंपरिक तिरंदाजी २०१९मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. अमेरिकेत पॉल क्लॉपस्टेग नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने १९३४मध्ये तुर्की धनुष्यावर ग्रंथ लिहिला, आणि नुसता लिहिला नाही, तर स्वतः तशी धनुष्ये बनवून पाहिली. पुढे १९५०च्या दशकात फ्रेड बेअरसारख्या अमेरिकी उत्पादकांनी लाकडावर काचतंतूंचे थर चढवले. शिंगाची आणि शिरांची जागा काचतंतूने घेतली, आकार तोच राहिला. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये तिरंदाजी परतली ती याच वळणाच्या धनुष्यासह. सातारा जिल्ह्यातील सरडे गावच्या प्रवीण जाधव यांनी टोकियोत आणि पॅरिसमध्ये ताणले ते धातूच्या मुठीचे आणि कार्बनच्या बाहूंचे यंत्र त्याच वंशातले.

आज मुंबई-नवी मुंबईच्या हौशी मंडळींत जुनी अमेरिकी रिकर्व्ह जमवण्याची आवड दिसू लागली आहे. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे काचतंतूचे धनुष्य तपासून घेतले तर आजही उत्तम चालते. बाहू पिळलेले नाहीत ना, थर कडेला सुटलेले नाहीत ना, हे पाहावे. दोरी डॅक्रॉनचीच घ्यावी, कारण आजच्या न ताणल्या जाणाऱ्या दोऱ्यांचा झटका जुनी टोके सोसत नाहीत. बाणाविना दोरी कधी सोडू नये आणि मे महिन्यात धनुष्य बंद गाडीत कधी ठेवू नये. परंतु या आवडीबरोबर एक समजूतही पसरते आहे, की रिकर्व्ह ही अमेरिकेने जगाला दिलेली देणगी. ही समजूत इतिहासप्रेमींनी तरी खपवून घेऊ नये. आणि तिचे उत्तर 'हे सारे आमच्याकडे होतेच' या आरोळीने देऊ नये. ही कमान मध्य आशियातून, पश्चिम आशियातून आली. हिंदुस्थानी कारागिरांनी तिला आपले वळण दिले. एवढे सत्य पुरेसे अभिमानास्पद आहे.

राहिला प्रश्न काय करायचे याचा. जुन्या वाड्यांतून कमानी बाहेर पडतात आणि भंगाराच्या किंवा शोभेच्या भावाने विकल्या जातात. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. तिचा व्यापार परवान्याविना करता येत नाही, आणि खासगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाही. पण कायदा तिला मोजत नाही, तिचे क्ष-किरण चित्र काढत नाही. ते काम संग्रहालयांनी आणि विद्यापीठांनी करावे. प्रत्येक कमानीची लांबी, थरांची जाडी, टोकांचा कोन नोंदवून ती माहिती खुली ठेवावी. प्रदर्शनाच्या आयोजकांनी निदान कमान उतरलेल्या स्थितीत, दोरीविना मांडावी आणि शेजारी चढवलेल्या स्थितीचे रेखाचित्र ठेवावे. हौशी तिरंदाजांनी जुनी कमान विकत घेण्यापेक्षा त्या मोजमापांवरून नवी घडवावी.

साहित्य दुर्मीळ नाही. म्हशीचे शिंग मिळते, आणि सावंतवाडीकडे शिंगकामाची परंपरा आहे. बांबू कोकणभर आहे. बोत दिवाळ्याच्या कोळीवाड्यात विचारावे. दुर्मीळ आहे ती सवड. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की गाभ्याला शिंग चिकटवायचे, महिनाभर दोरखंडाने आवळून ठेवायचे, मग तंतूंचा पहिला थर, पुन्हा थांबायचे, मग दुसरा. पावसाळ्याचे चार महिने तिला उबेच्या पेटीत जपायचे. पुढच्या दिवाळीला ती चढवता येईल की नाही, हे तेव्हाच कळेल. आणि पहिली बहुधा मोडेल.